अनुभव धागा : गेटची तयारी आणि ऑनलाइन सराव परीक्षा

कृष्णाकाठ

गेटच्या (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) तयारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास हाच : "टेस्ट सिरीज, म्हणजे सराव परीक्षांचा संच, कोणती लावू?" लावलेल्या सिरीजचं नंतर करायचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. एम.टेक. प्रवेशासाठी ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा जे मुलांना शिकवतात, त्यांनी कृपया नेमकं लिहावं. सराव परीक्षा कधी सुरू करायच्या, कशा सोडवायच्या, चुकतं कुठे आणि का. रँकच्या गोष्टी बाजूला ठेवू या. वाचणाऱ्याला उद्या सकाळी वापरता येईल असं लिहा.

नव्यांसाठी आराखडा : तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १० प्रश्न, म्हणजे १५ गुण, जनरल ॲप्टिट्यूडचे. उरलेले ८५ विषयाचे, आणि बहुतेक अभियांत्रिकी शाखांत त्यातले साधारण १३ गणिताचे. प्रश्न तीन प्रकारचे. एमसीक्यूत एकच पर्याय बरोबर, एमएसक्यूत एक किंवा जास्त, आणि न्यूमरिकलमध्ये (सगळे त्याला नॅट म्हणतात) आकडा आपण भरायचा. उणे गुण फक्त एमसीक्यूला : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश.

अवकल

चांगला धागा. माझा आग्रह एवढाच, की पहिली सराव परीक्षा कुठल्याही विकतच्या सिरीजची नको. गेटच्या अधिकृत संकेतस्थळावरची मॉक (नमुना परीक्षा) आधी द्या. फुकट आहे आणि पडदा प्रत्यक्ष परीक्षेसारखाच असतो.

तिथे मुद्दाम एक गोष्ट करून बघा. पर्याय निवडा आणि "सेव्ह अँड नेक्स्ट" न दाबता उजवीकडच्या तक्त्यातल्या क्रमांकावरून थेट दुसऱ्या प्रश्नावर जा. परत आलात की उत्तर गायब. तिथल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण सूचना वाचतो कोण! ज्या सिरीजमध्ये उत्तर आपोआप जपलं जातं, तिथे सराव केलेल्यांना ही सवय महागात पडते.

दुसरं, "मार्क फॉर रिव्ह्यू". उत्तर भरून मार्क केलेला प्रश्न तपासला जातो. त्यामुळे "नंतर बघू" म्हणून एमसीक्यूत अंदाजाने काहीतरी टिचकवून ठेवलं आणि वेळ संपली, तर उणे गुण बसू शकतात. नंतर बघायचंच असेल तर पर्याय न निवडता मार्क करा. निवडला असेल तर "क्लिअर रिस्पॉन्स" दाबून मग पुढे जा.

रानजाई

परीक्षा देणं हा कामाचा अर्धाच भाग. तीन तासांचा पेपर सोडवला की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी तीन तास तपासणीला काढायचे. तेवढे तास मिळणार नसतील तर तो पेपर पुढच्या आठवड्यावर टाका. न तपासलेला पेपर म्हणजे एक चांगला पेपर फुकट गेला.

तपासणी म्हणजे सोल्यूशनचा व्हिडिओ बघणं नव्हे. आधी सोल्यूशन न उघडता चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवा. त्यातले बरेच सुटतात, आणि तिथेच कळतं की अडचण विषयाची नव्हती. मग वहीत नोंद : प्रश्न क्रमांक, घटक, लागलेली मिनिटं आणि कारण. कारण एका अक्षरात लिहायचं. "न" म्हणजे मुळात येतच नाही. "आ" म्हणजे येत होतं, आठवलं नाही. "ग" म्हणजे आकडेमोड. "व" म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते "अं" : अंदाजाने बरोबर आलेलं. बरोबर आलं तरी वहीत उतरवायचं, कारण तो प्रश्न आपल्याला येत नाही.

एक नोंद दाखवते. स्रोताचं तापमान ३२७ अंश सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला २७ अंश, कार्नो इंजिनाची कार्यक्षमता काढा. केल्व्हिनमध्ये ६०० आणि ३००, म्हणून उत्तर ५० टक्के. सेल्सिअसमध्येच भागाकार केला की ९१.७ टक्के येतात, आणि प्रश्न काढणारा हा आकडा पर्यायांत हमखास ठेवतो. ही चूक "व" आहे, "न" नाही. इथे थर्मोडायनॅमिक्सचं प्रकरण पुन्हा वाचण्यात वेळ घालवायचा नाही. कच्च्या कागदावर आकडा उतरवतानाच एकक बदलून लिहायची सवय लावायची. मुलं उलट करतात. चूक झाली की प्रकरण वाचायला घेतात, आणि पुढच्या पेपरात तीच चूक पुन्हा होते.

लागलेली मिनिटंही बघा. १८० मिनिटं भागिले ६५ म्हणजे प्रश्नाला पावणेतीन मिनिटं. दोन गुणांचा प्रश्न बरोबर आला पण आठ मिनिटं खाल्ली, तर त्याने दुसरे दोन प्रश्न गिळले. निकालाच्या पानावर तो हिरवाच दिसतो, म्हणून वहीत तो वेगळा दिसायला हवा.

आठवड्याने "न" आणि "आ" वाले प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा. तेव्हाही अडले तरच पुस्तक उघडायचं.

सह्यकडा

रानजाईताईंशी शंभर टक्के सहमत. "अं" बद्दल थोडं गणित मांडतो, कारण "अंदाज मारायचा की नाही" यावर फार ठोकून बोललं जातं.

एका गुणाच्या एमसीक्यूत चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरीने हाती शून्य येतं : चारातून एकदा १ मिळतो, तीनदा एक तृतीयांश जातो. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर सरासरी फायदा १/९ गुण, दोन बाद झाले तर १/३ गुण. दोन गुणांच्या प्रश्नाला याच्या दुप्पट. म्हणजे हिशेब अंदाजाच्या बाजूने आहे, अट एकच : बाद केलेला पर्याय खरोखर चूक असला पाहिजे.

ती अट आपल्याला लागू आहे का, हे सराव परीक्षेतच कळतं. "दोनांत अडकलो" असा प्रत्येक प्रश्न कच्च्या कागदावर तारा काढून ठेवा. चार-पाच पेपरांनंतर तारे मोजा. निम्म्याच्या आसपास बरोबर येत असतील तर बिनधास्त उत्तर द्या. पाव हिश्श्याच्या आसपासच येत असतील तर बरोबर पर्यायच तुम्ही आधी बाद करताय, आणि त्या अंदाजातून काही मिळत नाही. विषयानुसारही मोजा, एखाद्याचा अंदाज नेटवर्क्समध्ये चालतो आणि गणितात साफ फसतो.

एमएसक्यू आणि नॅटला उणे गुण नाहीत, तेव्हा ते कोरे सोडायचं कारणच नाही. पण एमएसक्यूत अर्धे गुणही नाहीत. तीन बरोबर पर्यायांतला एक राहिला तरी शून्य. तिथे पर्यायांची आपसांत तुलना करू नका. प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान समजून "खरं की खोटं" एवढंच ठरवा. पहिले दोन बरोबर सापडले की उरलेले नीट न वाचणं, हीच तिथली नेहमीची चूक.

कृष्णाकाठ

फार उपयोगी. नॅट आणि पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरबद्दल कुणी सविस्तर लिहील का? अनेकांचे हक्काचे गुण तिथे जातात.

ओहमचा_नियम

लिहितो. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावर सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो आणि तो माउसनेच चालवायचा. नॅटचा आकडाही पडद्यावरच्या कीपॅडवर टिचक्या मारून भरायचा. घरी टेबलावरचा कॅसिओ वापरून मॉक देणाऱ्याचा वेग खोटा असतो. पहिल्या दिवसापासून कॅसिओ कपाटात ठेवा.

त्या कॅल्क्युलेटरच्या काही खोडी. साइन, लॉग, वर्गमूळ यांसाठी आधी आकडा आणि मग फंक्शनचं बटण. कॅसिओवर बोटं बसलेली असतात उलटी. नवं गणित सुरू करताना "सी" दाबायचाच. लांबलचक पदावली एका दमात टाकू नका, कंसात गडबड झाली तर कुठे चुकलं ते दिसत नाही. तुकडे करा आणि मधला आकडा "एमएस"ने साठवून "एमआर"ने परत आणा. आणि डिग्री-रेडियन! सुरुवातीला डिग्रीवर असतो. साइन २ हा रेडियनमध्ये ०.९०९ आणि डिग्रीत ०.०३५. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी साइन ओमेगा टी दिसलं की आधी हे बटण बघावं. खिडकी प्रश्नावर येऊन बसते. ती ओढून बाजूला करता येते.

नॅटमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो मधल्या पायरीत पूर्णांकन केल्याने. उत्तरतालिकेत बहुधा एक पट्टा दिलेला असतो, समजा ९९.९ ते १००.१. दोन तृतीयांश गुणिले १५० म्हणजे बरोबर १००. पण मधेच ०.६७ लिहून पुढे गेलात तर १००.५ येतं आणि पट्ट्याबाहेर पडता. पूर्णांकन एकदाच, शेवटी, आणि प्रश्नात सांगितलेल्या दशांश स्थळांइतकंच. आकडा भरण्याआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा : किलोज्यूल मागितलेत की ज्यूल, टक्केवारी की अपूर्णांक, उणे चिन्ह हवं की फक्त मूल्य.

पाणवठा

मोबाइलवर टेस्ट देण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. बसमध्ये घटकवार दहा-पंधरा प्रश्न सोडवायला मोबाइल ठीक. पूर्ण पेपर मात्र मोबाइलवर नकोच : आकृती वेगळी दिसते, प्रश्नक्रमांकांचा तक्ता लपलेला असतो, माउसचा सराव होत नाही. घरी संगणक नसेल तर कॉलेजची लॅब किंवा तालुक्याच्या ठिकाणचं नेट कॅफे बघा, तिथला थोडा गोंगाटही चालेल. परीक्षा केंद्रावर शेजारच्याच्या टिचक्या ऐकू येतातच.

वीज किंवा नेट मधेच जाण्याचा धोका असेल तर जुन्या पेपरची पीडीएफ आधी उतरवून ठेवा आणि घड्याळ लावून कागदावर उत्तरं लिहा. तुटलेली टेस्ट दुसऱ्या दिवशी पुढे चालू करून आलेले गुण धरू नका.

स्थापत्यकार

जुन्या पेपरांबद्दल. अनेक जण घटक शिकतानाच सगळ्या वर्षांचे प्रश्न सोडवून मोकळे होतात आणि परीक्षेच्या तोंडावर, जानेवारीत, पूर्ण पेपर म्हणून द्यायला खरा पेपर हाताशी उरत नाही. विकतच्या सिरीजचे प्रश्न कितीही चांगले असले तरी गेटच्या खऱ्या प्रश्नाची घडण वेगळी असते : आकडेमोड कमी, विचार जास्त. सिरीजवाले प्रश्न अवघड करायचा म्हणून आकडेमोड लांबवतात. त्यामुळे तिथले कमी गुण बघून खचू नका आणि तिथली लांब गणितं करून हाताला मुद्दाम तसं वळण लावू नका.

एमएसक्यू आले २०२१ पासून. त्या वर्षी परीक्षा घेण्याचं काम मुंबई आयआयटीकडे होतं. त्याआधीच्या पेपरांत हा प्रकार नाही, म्हणून २०२० पर्यंतचे पेपर घटकवार सरावाला वापरा आणि २०२१ पासूनचे निदान तीन-चार न उघडता राखून ठेवा. ज्या शाखेची परीक्षा दोन सत्रांत होते, तिथे एका वर्षाचे दोन पेपर मिळतात. पेपर आणि उत्तरतालिका अधिकृत संकेतस्थळांवर आहेत.

सिरीजच्या उत्तरतालिकेत चुका असतात. दोनदा सोडवून वेगळंच उत्तर येत असेल तर प्रमाण पाठ्यपुस्तकातलं सूत्र बघा, खूण करा आणि पुढे चला. एका संशयास्पद प्रश्नावर संध्याकाळ घालवू नये.

नीलमोहर

डेटा सायन्स आणि एआय (डीए) पेपरवाल्यांची यात पंचाईत आहे. तो पेपरच २०२४ ला सुरू झाला, त्यामुळे जुने पेपर मोजकेच. संभाव्यतेसाठी स्टॅटिस्टिक्सच्या पेपरातले आणि अल्गोरिदम, डेटाबेस यांसाठी कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरातले प्रश्न अभ्यासक्रमाशी ताडून निवडावेत. मूळ डीए पेपर शेवटपर्यंत राखून ठेवावेत.

दुपारचं_सत्र

किती पेपर द्यायचे यावर माझं मत जरा वेगळं आहे. पन्नास-साठ पूर्ण पेपरांचं पॅकेज घेऊन त्यामागे धावणारे शेवटी तपासणी सोडून देतात. अभ्यासक्रम एकदा संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्याला एक, जानेवारीत दोन, इतके पूर्ण पेपर नीट तपासून झाले तर पुरतात. नोकरी करणाऱ्यांनी पूर्ण पेपर रविवारी ठेवावा. रोज रात्री पाऊण तासाच्या घटक परीक्षा चांगल्याच, पण तिसऱ्या तासाला डोकं जड झाल्यावर काय होतं, ते त्यांतून कळत नाही. तपासणीच्या वहीत शेवटच्या चाळीस मिनिटांतल्या चुका वेगळ्या शाईने लिहिल्या तर ते लगेच दिसतं.

क्रमाबद्दल : ॲप्टिट्यूड आधी की शेवटी, हे दोन्ही प्रकारे दोन-दोन पेपर देऊन ठरवा, आणि ठरलं की बदलू नका. त्या १५ गुणांना वीस-पंचवीस मिनिटं, जास्त नाही. विषयाच्या भागात पहिली फेरी फक्त बघताक्षणी वाट दिसणाऱ्या प्रश्नांची. दोन मिनिटांत सुरुवातच सापडत नसेल तर पुढे. शेवटची दहा मिनिटं नवं गणित हाती न घेता भरलेले नॅट आणि मार्क केलेले प्रश्न बघायला. कच्च्या कागदावर प्रत्येक गणिताला प्रश्न क्रमांक घालायचा, नाहीतर परत आल्यावर आपलंच काम सापडत नाही.

सिरीजमधल्या आपल्या रँककडे फार बघू नका. तिथे कोण बसलंय, कितीजणांनी तोच पेपर दुसऱ्यांदा दिलाय, काही कळत नाही. खरा गेट स्कोअर त्या वर्षीच्या पात्रता गुणांवर आणि अगदी वरच्या मुलांच्या सरासरीवर ठरतो : पात्रता गुणांना ३५०, त्या सरासरीला ९००. त्यामुळे तेच ६० गुण एका वर्षी एक स्कोअर देतात, दुसऱ्या वर्षी दुसरा.

प्रवेशपत्र आलं की सत्र कळतं. अलीकडच्या वर्षांत सकाळचं साडेनऊला आणि दुपारचं अडीचला सुरू होतं. त्यानंतरचे सगळे पेपर त्याच वेळेला द्या. दुपारचं सत्र असेल तर जेवण किती आणि केव्हा, हेही त्या पेपरांतच ठरवून टाका. भात खाऊन अडीचला बसलं की साडेतीनला पेंग येते. शेवटचा पूर्ण पेपर परीक्षेच्या चार दिवस आधी. त्यानंतर फक्त वही, आणि रोज अर्धा तास पडद्यावरचा कॅल्क्युलेटर.