पेनड्राइव्ह ‘रॉ’ दाखवत आहे. फायली परत मिळतील का?

प्रश्न : फायली कॉपी होत असतानाच वीज गेल्यापासून माझा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह उघडत नाही. विंडोज त्याची फाइल सिस्टिम (फायली साठवण्याची मांडणी) ‘रॉ’, म्हणजे ओळखता न येणारी, दाखवून फॉरमॅट करण्यास सुचवते. त्यात जमिनीच्या जुन्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत. काय करावे?

प्रतिसाद १ : फॉरमॅट करू नका आणि ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे डिस्क तपासणीचे साधनही इतक्यात चालवू नका, ते फाइल सिस्टिमची रचना दुरुस्त करते, पण त्या खटाटोपात तुमच्या फायलींचे तुकडे ‘सीएचके’ नावाने विखुरले जाण्याची शक्यता असते. आधी लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवरच करा.

प्रतिसाद २ : वरील सल्ल्याशी सहमत. फॅट३२ या पेनड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये बूट सेक्टरची (मांडणीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची) राखीव प्रत सहसा सेक्टर क्रमांक ६ मध्ये असते. ती शाबूत असेल, तर ‘टेस्टडिस्क’ या दुरुस्तीच्या साधनाने फोल्डर नावांसकट परत मिळू शकतात. ते न जमल्यास ‘फोटोरेक’ वापरा. हे मोफत साधन फाइल सिस्टिमकडे न पाहता फायलींच्या ठरावीक खुणा शोधते (जेपेगची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइट्सनी होते), त्यामुळे मूळ नावे मात्र जातात आणि शेकडो फायली एकेक उघडून ओळखत बसावे लागते, हे कंटाळवाणे काम आहे.

प्रतिसाद ३ : त्याआधी विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये पेनड्राइव्हची क्षमता पाहा. तेथे ‘नो मीडिया’ दिसत असेल, तर बहुधा कंट्रोलर (पेनड्राइव्हचे काम चालवणारी चिप) बिघडला आहे आणि तेथे कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडणार नाही. डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचाच रस्ता धरावा लागेल.

प्रश्नकर्ता : क्षमता २९ जीबी दिसते, म्हणजे आशा आहे. आज प्रतिमा घेतो.