मदत हवी आहे: ओझे (जपान), जूनची सुरुवात की जुलै?

टोकियोहून आईबाबांना ओझे राष्ट्रीय उद्यानात न्यायचंय. दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. तोकुराहून शटलने हातोमाची खिंड (1591 मीटर), तासाभराची उतरण, यामानोहानाला लॉजमध्ये मुक्काम, मग 1400 मीटरवरच्या दलदलीतली सपाट फळ्यांची वाट, एवढं पक्कं. जुलैअखेर ते भारतात परततात, त्यामुळे सप्टेंबरचं सोनेरी गवत बाद.

आईला मिझुबाशोची पांढरी फुलंच बघायचीत, म्हणजे जूनची सुरुवात. पण तेव्हा उतारावर बर्फ उरलेला असू शकतो आणि ओल्या, तिरक्या फळ्यांवर चांगल्या सोलचे बूटही सटकतात. जुलैमध्ये बर्फ नाही, पिवळे निक्कोकिसुगे फुलतात; दुपारी विजांचा धोका. लॉजवाल्यांना विचारलं, "त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून" एवढंच कळलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ही वाट उतरलेल्यांनी सांगावं: चार दातांचे हलके क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायचे काटे) लागतातच, की दोन काठ्या पुरतात?