बार्सा सोडवत नाही आणि बोर्डाचं वागणं बघवत नाही, तुम्ही काय करताय?

पार्कचौक_कट्टा:
मंडळी, मेसीमुळं बार्साचा, म्हणजे स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबचा नाद लागला आणि तो गेला तरी सुटला नाही. खेळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, 2024-25 ला कोच फ्लिकनं कोवळी पोरं घेऊन स्पेनमधल्या लीग, कोपा आणि सुपर कप ह्या तिन्ही ट्रॉफ्या आणल्या, कोपाच्या फायनलला कट्टर वैरी रियाल माद्रिदविरुद्ध आपल्या कुंदेनं 116व्या मिनिटाला मारलेला गोल आठवला की अजून अंगावर काटा येतो. जीव जळतो तो ऑफिसात बसलेल्यांमुळं. नेग्रेरा प्रकरण घ्या, रेफ्री कमिटीचा व्हाइस प्रेसिडेंट असलेल्या माणसाच्या कंपन्यांना 2001 ते 2018 मध्ये क्लबनं 70 लाख युरोच्या वर पैसे दिले, क्लब म्हणतो टेक्निकल रिपोर्ट घेत होतो, अरे पण रिपोर्ट लिहायला अख्ख्या स्पेनमध्ये तोच एक माणूस होता का? मग जानेवारी 2025 ला ओल्मोचं लीगमधलं रजिस्ट्रेशन लटकलं, एवढे पैसे मोजून आणलेला खेळाडू अर्ध्या सीझनला बाहेर बसायची वेळ आली, शेवटी सरकारी क्रीडा परिषदेनं तात्पुरती परवानगी दिली तेव्हा कुठं खेळला. रात्री दीडची मॅच बघून सकाळी कामाला जातो आपण, आणि यांना साधी कागदपत्रं वेळेत जमत नाहीत.

आता भाच्याला बार्साच्या कोवळ्या यमालची ओरिजिनल जर्सी पाहिजे. त्याला घेऊन द्यायचीच आहे, पण हे पैसे त्याच लोकांच्या हातात जाणार म्हणून मन होईना. तुम्ही घेता का?

जुळे_सोलापूरकर:
तुझा राग कळतो रे, पण एक गोष्ट बघ. बार्साला मालक नाही. लाखाच्या वर सभासद आहेत, तेच प्रेसिडेंट निवडतात, म्हणजे सरळ आपल्या जिल्ह्यातला सहकारी साखर कारखाना, सभासद, संचालक मंडळ, चेअरमन, निवडणुकीआधीची आश्वासनं आणि नंतरचं कर्ज, सगळं तसंच. स्पेनमध्ये असे चारच मोठे क्लब उरलेत, बार्सा, रियाल, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. त्याचा फायदा पण आहे. 2020 ला तेव्हाचा प्रेसिडेंट बार्तोमेउविरुद्ध सभासदांनी वीस हजारांच्या वर सह्या गोळा केल्या, अविश्वासाचं मतदान व्हायच्या आधीच अख्खं बोर्ड राजीनामा देऊन गेलं. मालकाच्या क्लबमध्ये हे होतंय का सांग, मँचेस्टर युनायटेडवाले 2005 पासून मालक ग्लेझर कुटुंबाविरुद्ध बोंबलतायत, काय झालं? आपल्याला सोलापुरात बसून मत नाही हे खरं, पण ज्यांना आहे ते झोपलेले नाहीत.

होटगीरोड_०७:
नेग्रेराबद्दल थोडं सबुरीनं घ्या. पैसे दिले हे क्लबला पण मान्य आहे, पण त्या पैशानं एखादा रेफ्री फिरला असं कोर्टात सिद्ध झालेलं नाही. रियालवाले ग्रुपवर रोज चोर म्हणतात ते मला खपत नाही. पण पैसे दिलेच कशाला ह्याला उत्तर नाही, तेवढं तुझं बरोबर.

मला खरी चीड कर्जाची आहे बे. ऑगस्ट 2021 ला प्रेसिडेंट लापोर्तानं स्वतः सांगितलं की 135 कोटी युरोचं कर्ज आहे, त्याच महिन्यात मेसी रडत गेला. जो पोरगा तेरा वर्षांचा असताना आला त्याला लीगच्या पगाराच्या मर्यादेत बसवता आलं नाही ह्यांना! आणि त्यावर उपाय काय काढला, तर 2022 ला लीगच्या टीव्हीच्या उत्पन्नातला 25 टक्के हिस्सा 25 वर्षांसाठी विकला. म्हणजे यमाल चाळीस वर्षांचा होईल तेव्हा तो हिस्सा परत येणार. आज ट्रॉफी आली म्हणून सगळे गप्प आहेत, पण हे पैसे उद्याच्या पोरांचे होते.

अलेक्सिया_फॅन:
माझा मुद्दा वेगळा आहे. 2006 ला जर्सीवर युनिसेफचं नाव आलं तेव्हा क्लब त्यांना वर्षाला 15 लाख युरो देत होता, जर्सीवर नाव लावायचे पैसे घेत नव्हता, उलट देत होता. ह्याच गोष्टीमुळं मी ह्या क्लबच्या प्रेमात पडले. 2011 ला तिथं पैसे देणारं कतार फाउंडेशन आलं आणि युनिसेफ पाठीमागं गेलं. आता 2025 ला डीआर काँगोच्या सरकारशी चार वर्षांचा करार केलाय. त्या देशाच्या पूर्वेला युद्ध चालू आहे, जानेवारी 2025 ला गोमा शहर बंडखोरांच्या हातात गेलं, लाखो लोक घरं सोडून पळाले. तिथल्या सरकारकडून पैसे घेऊन क्लबनं त्यांची जाहिरात करू नये, एवढं साधं आहे हे, आणि कर्ज आहे म्हणून चालवून घ्या असं मला कुणी सांगू नये.

मी महिला टीम जास्त बघते आता. 2021, 2023 आणि 2024 ला युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकलीय त्यांनी, पैसा त्याच गल्ल्यात जातो हे मला माहितीय, पण ती टीम बघताना डोकं शांत राहतं. तुझ्या भाच्याचं म्हणशील तर मॅचची जर्सी घे, ट्रेनिंगचा टीशर्ट घेऊ नको, काँगोचं नाव ट्रेनिंगच्या कपड्यांवर पाठीमागं असतं.

पार्कचौक_कट्टा:
हे ट्रेनिंगच्या कपड्यांचं माहिती नव्हतं ताई, थँक्यू. जुळेवाले दादा, सभासदांचं पटलं, पण मग त्याच सभासदांनी काँगोच्या करारावर पण सह्या गोळा कराव्यात ना, नुसतं टीम हरल्यावरच जाग येते का त्यांना? असो, मॅचची जर्सी घेतो.

होटगीरोड_०७:
घे पण यमालच्या आताच्या 10 नंबरची बघून घे, दुकानदार त्याच्या आधीच्या 19 ची जुनी खपवतात.