मदत हवी आहे : हेगमध्ये पीडितांच्या भरपाईचं काम, तात्पुरती नेमणूक

नमस्कार मंडळी. माझी फोंड्याची भाची एलएलबी झाली असून म्हापशाला एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासोबत जो पीडित निधी आहे, तिथे काही महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिला अर्ज करायचाय. शिक्षेची बातमी होते, भरपाईचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या कटांगा याच्या खटल्यात २०१७ साली २९७ जणांना प्रत्येकी २५० डॉलर आणि घर, शिक्षण वगैरेंसाठी सामूहिक मदत मंजूर झाली. आरोपी कफल्लक, म्हणून निधीने पैसे उभे केले.

हे न्यायालय ज्या रोम करारातून उभं राहिलं, त्यावर भारताने सहीच केलेली नाही. भारतीय पासपोर्टवर अर्ज मागे पडतो का? (भावाने पोर्तुगीज पासपोर्ट केलाय, हिने नाही. घरात त्यावरून रोज वाद!) काँगो, मालीची प्रकरणं म्हणजे फ्रेंच लागणारच, पणजीत शिकलेलं जुजबी फ्रेंच चालेल का? मानधन नसेल तर हेगमध्ये राहण्याचा खर्च कसा भागवतात?

मुख्य प्रश्न अर्जातल्या पत्राचा. तिचा अनुभव मोटार अपघात दाव्यांचा. बाजारात मासे विकणारी बाई दगावली, पगाराची स्लिप नाही, बँकेत नोंद नाही. मग शेजारणींच्या साक्षी आणि बर्फवाल्याची वही जमवून कमाई सिद्ध करायची. मला तरी हे त्याच जातीचं काम वाटतं. ती म्हणते, हसतील. लिहावं का? अशा ठिकाणी काम केलेलं कुणी ओळखीचं असल्यास कृपया कळवा.