भारद्वाजाचा नीट फोटो काही केल्या मिळेना, काय चुकतंय?

परसदार: घरामागे दाट झुडपं आहेत, तिथे रोज सकाळी भारद्वाज येतो. आधी तो ऊप ऊप ऊप असा घुमणारा आवाज, मग तांबूस पंख दिसतात आणि मी कॅमेरा उचलला की झुडपात गायब. दोन महिने झाले, पुढची फांदी शार्प आणि मागे पक्षी धूसर, एवढंच हाती लागतंय. त्याचा लाल डोळा एकदा तरी नीट यावा असं फार वाटतं हो. लेन्स ७०-३०० मिमीची आहे, मोठी घ्यावी का?

पाणवठा: लेन्स राहू दे. कावळ्याएवढा पक्षी आहे, ३०० मध्ये जमतो. तो तुमच्या हात वर करण्याला घाबरतोय. चार-पाच दिवस कॅमेरा न घेता नुसतं बघा, हा जास्त करून जमिनीवरून चालत फिरतो आणि त्याच्या वाटा बऱ्याचदा ठरलेल्या असतात. वाट कळली की तो यायच्या आधीच ट्रायपॉड लावून लेन्स तिकडे रोखून बसायचं, खिडकीतून असेल तर खोलीतला लाईट बंद, पडदा ओढून फटीतून लेन्स. काच मध्ये येत असेल तर लेन्स काचेला अगदी जवळ आणि सरळ धरा, तिरकी धरली की फोटो मऊ येतो.

सावली: फांदीवर फोकस जातोय कारण कॅमेरा सगळे फोकस पॉइंट वापरतोय. सिंगल पॉइंट घ्या, तो डोळ्यावर. चालत्या पक्ष्याला १/५०० सेकंद तरी शटर हवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० गेला तरी जाऊ द्या, दाणे चालतात पण हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. आणि काळा पक्षी गडद झुडपात, म्हणजे कॅमेरा सगळंच उजळ करून ठेवणार, एक्स्पोजर थोडं मायनस करा.

रानपाखरू: एक कळकळीची विनंती, मोबाईलवर त्याचा आवाज लावून बोलावू नका. दुसरा नर हद्दीत आला असं समजून तो बेचैन होतो, विणीच्या काळात तर घरट्यावरून उठून येतो. फांद्याही छाटू नका, आडोसा गेला की येणंच बंद होईल. त्यापेक्षा झुडपाखालचा पालापाचोळा झाडूच नका, किडे, गोगलगायी, सरडे तिथेच मिळतात त्याला. झुडपाच्या कडेला उथळ थाळीत तीन-चार सेंटीमीटर पाणी ठेवा, रोज बदला.

परसदार: पाचोळा मी दर आठवड्याला साफ करत होते, ते थांबवलं. नऊ दिवस पडद्यामागे बसले आणि आज तो थाळीपाशी आला, शेपटीवर एक पान आडवं आलंय पण डोळा शार्प आहे!! फक्त शटरचा आवाज झाला तसा मान वर करून बघत राहिला, सायलेंट मोड लावू का?

सावली: अरे वा, अभिनंदन! लावा की, पण त्यात फोटो ओळीओळीने टिपला जातो, म्हणून तो उडाला तर पंख वाकडे दिसू शकतात. बसलेला किंवा चालत असेल तेव्हाच वापरा.