मदत हवी आहे : मिनिकॉय बेटावर बर्फाच्या कारखान्याचे काम आणि त्यानंतरचा लक्षद्वीपचा प्रवास

नमस्कार.

मी रत्नागिरीचा असून गेली २२ वर्षे बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांच्या दुरुस्तीचे काम करतो. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण या बंदरांवरचे बहुतेक कॉम्प्रेसर मला नुसत्या आवाजावरून ओळखता येतात. एका ठेकेदारामार्फत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सहा आठवड्यांसाठी लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर काम मिळाले आहे. तेथे बंद पडलेला एक छोटा बर्फाचा कारखाना आणि त्याला जोडलेली थंड खोली पुन्हा चालू करून द्यायची आहे. सोबत माझा सहायक येईल. तो सोलापूरकडचा आहे, माळकरी आहे, आणि माशाच्या वासानेही अस्वस्थ होतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझा एक प्रश्न त्याच्याच संबंधात आहे.

जे मला समजले आहे ते आधी सांगतो, म्हणजे कोणाला पुन्हा लिहावे लागणार नाही. मिनिकॉय हे लक्षद्वीपचे सर्वांत दक्षिणेचे बेट आहे. बाकीच्या बेटांपासून नऊ अंशांच्या खाडीने (‘नाइन डिग्री चॅनल’ या समुद्रपट्ट्याने) ते वेगळे पडलेले आहे, आणि मालदीवचे उत्तरेकडचे शेवटचे बेट तेथून साधारण सव्वाशे किलोमीटरवर येते. बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे कोचीहून जहाजानेच जावे लागते. २०११च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या दहा हजारांच्या थोडी वर होती, आणि गावाचा मुख्य धंदा कुप्याच्या (ट्यूनाच्या) मासेमारीचा. आपल्याकडे ट्रॉलर आणि पर्सनेटवाल्यांची भांडणे पाहून मोठे झालेल्या मला याचे विशेष वाटते, की तिथली माणसे अजूनही बांबूच्या काठीने एकेक मासा उचलून काढतात.

काठीचा मासा आणि बर्फ यांचा संबंध असा आहे. कुपा हा सतत वेगाने पोहणारा मासा असल्यामुळे त्याचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते. होडीत पडल्यावर तो लवकर थंड झाला नाही, तर त्याच्या मांसात हिस्टामिन हे बाधणारे द्रव्य तयार होते, आणि ते एकदा तयार झाले की शिजवूनही जात नाही. बांगड्याचेही तसेच आहे, हे कोकणातल्या वाचकांना ठाऊक असेल. उष्ण प्रदेशात एक किलो माशाला साधारण एक किलो बर्फ धरावा, असा आमचा हिशेब असतो. बेटावर पूर्वीपासून याला दुसरे उत्तर आहे : मासा त्याच दिवशी उकडायचा, धुरावर धरायचा आणि उन्हात कडकडीत वाळवून ‘मासमीन’ करायचा, ज्याला बर्फ लागतच नाही. परंतु ताजा मासा बाहेर पाठवायचा झाला, तर बर्फाशिवाय इलाज नाही.

मला पाठवलेल्या छायाचित्रांत कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या हवेने इतक्या खाल्लेल्या दिसतात, की बोट लावले तर पांढरे पीठ हाताला येईल. कॉइल नवी न्यावी लागणार, हे निश्चित. आता अडचणी अशा आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण गॅसची आहे. यंत्रात भरायच्या आर-४०४ए या थंडावा देणाऱ्या वायूचे दोन सिलिंडर, नायट्रोजनचा एक आणि ब्रेझिंगसाठी (तांब्याच्या नळ्या जोडण्यासाठी) ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा संच लागेल. हे सारे प्रवासी जहाजावर आमच्याबरोबर चढू देतील का? नाही, तर ते कोणत्या वाटेने आणि किती दिवस आधी पाठवावे? पूर्वी एका दूरच्या बंदरावरच्या कामात केवळ एक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मागे राहिल्यामुळे मी नऊ दिवस बिनकामाचा बसलो होतो, आणि त्या नऊ दिवसांची मजुरी ठेकेदाराने दिली नव्हती. तिथे मधे रस्ता तरी होता. येथे मधे समुद्र आहे.

दुसरे म्हणजे प्रवेशपरवाना. ठेकेदार म्हणतो, “काळजी करू नका, होऊन जाईल.” या वाक्यानंतर मला नेहमीच काळजी वाटू लागते. काम संपल्यावर दहा दिवस हाताशी ठेवून कवरत्ती आणि अगत्ती ही बेटे पाहावीत, आणि अगत्तीहून विमानाने कोचीला परतावे, असा विचार आहे. कामाच्या परवान्यावर हे चालते का?

तिसरे, बर्फासाठी गोडे पाणी. बेटाच्या जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थरच असतो आणि जास्त उपसला की खारे पाणी वर येते, एवढे मला माहीत आहे. मग लाद्या भरायला पाणी कुठून घेतात?

चौथे, सहायकाचे जेवण. सहा आठवडे शाकाहारी माणूस तेथे निभावेल का, की मी दुसरा मुलगा शोधावा? कामाला हा अत्यंत चोख आहे, त्यामुळे त्याला सोडून जाण्याची इच्छा नाही.

ज्यांनी बेटावर प्रत्यक्ष राहून काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : डोलकाठी

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. निवृत्तीपूर्वी बेटांच्या जहाजांवर इंजिनखोलीत तीन वर्षे काढली आहेत, म्हणून अधिकाराने लिहितो.

सिलिंडर प्रवासी जहाजावर तुमच्या सामानात चढणार नाहीत, आणि गोदीच्या फाटकावर हुज्जत घालून उपयोगही होणार नाही. बेटांचा माल प्रामुख्याने बेपूर आणि मंगळूर येथून मालवाहू नौकांनी जातो. सिमेंट, तांदूळ, डिझेल, सारे त्याच वाटेने. वायू त्याच वाटेने पाठवा, कागद ठेकेदाराच्या नावे करा, आणि माल पोचल्याची खात्री झाल्याशिवाय तुम्ही कोचीहून निघू नका. एक महिना आधी पाठवलात तरी तो लवकर होणार नाही. ऑक्सिजन-ॲसिटिलीनसाठी मात्र आधी बेटावरच चौकशी करा. तेथील वीज मुख्यतः डिझेल जनित्रांवर चालते, आणि जनित्रे असतात तेथे वेल्डिंग करणारा माणूसही असतो. एक संच कमी न्यावा लागेल.

कॉइल घेतच आहात, तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची घेऊ नका. तांब्याच्या पट्ट्यांची मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान लेप दिलेली घ्या. पैसे जास्त जातील, परंतु दोन वर्षांनी तुम्हालाच पुन्हा बोलावतील आणि शिव्या देतील, ते टळेल. (किंवा पुन्हा बोलावणे हवे असेल, तर साधी बसवा.)

परवान्याबद्दल ठेकेदारावर विसंबू नका. १९६७च्या प्रवेश आणि निवास निर्बंध नियमांखाली बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, आणि त्यात बेटांची नावे लिहिलेली असतात. ज्या बेटाचे नाव नाही, त्या बेटावर तुम्ही उतरू शकत नाही. म्हणून अर्ज करतानाच मिनिकॉय, कवरत्ती आणि अगत्ती ही तिन्ही नावे घालून घ्या. नंतर बेटावरून दुरुस्ती करणे म्हणजे डोकेदुखी. पोलिसांचा चारित्र्य दाखला रत्नागिरीतूनच काढावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा उद्याच ठाण्यात जा. बेटावर उतरल्यावर परवाना घेऊन तेथील पोलीस ठाण्यात हजेरी लावायची असते. ते टाळू नका.

प्रवासाचे तुमचे दहा दिवस कागदावर पुरेसे दिसतात, पण समुद्र आणि वेळापत्रक यांचे फारसे सख्य नसते. मिनिकॉयहून कवरत्तीला जाणारे जहाज तुम्हाला हवे त्या दिवशी असेलच असे नाही. एखाद्याला दवाखान्यात न्यायचे झाले, तर मार्गही बदलतो. बऱ्याच ठिकाणी जहाज लगूनच्या (प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्याच्या) बाहेर उभे राहते आणि हेलकावणाऱ्या छोट्या बोटीत उतरावे लागते, तेव्हा हत्यारांची पेटी एकाला उचलता येईल एवढ्याच वजनाच्या दोन पेट्यांत विभागा. अगत्तीची धावपट्टी आखूड आहे, तेथे लहान विमाने येतात, आणि सामानाच्या वजनाबाबत काटेकोर असतात. हत्यारे जहाजानेच परत पाठवा. विमानाचे तिकीट मिनिकॉय सोडल्यावर काढा, आधी नाही. आणि काम लांबले, तरी मे महिन्याच्या मध्याच्या आत बेट सोडा. त्यानंतर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर्या काय करील ते तोच जाणे.

प्रतिसाद : शेवग्याची शेंग

यजमानांच्या बदलीमुळे मी मिनिकॉयला दोन वर्षे राहिले आहे. जहाजांचे मला कळत नाही, स्वयंपाकघराचे कळते.

तुमच्या सहायकाला न्या, पण रिकाम्या हाताने नेऊ नका. तांदूळ आणि नारळ यांची वाण नाही. भाजी मात्र जहाजाबरोबर येते. जहाज आले की दोन दिवस टोमॅटो, कोबी दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी कांदे-बटाटे उरतात. मी वाटाणे, मटकी, हुलगे, कुळथाचे पीठ, मेतकूट आणि लोणच्याची बरणी घेऊन जात असे. मोड आणायला त्या दमट हवेत एक रात्र पुरते, आणि दुसऱ्या रात्री वास येऊ लागतो, एवढे लक्षात ठेवा. चहाबरोबर जे तळलेले पुढे येते, त्यात बहुधा मासा असतो. विचारल्याशिवाय त्याने तोंडात घालू नये, आणि विचारल्याने कोणाला राग येत नाही. एका शेजारणीने तर माझ्यासाठी नुसत्या खोबऱ्याचे सारण भरून वेगळी ताटली आणून दिली होती. मासमीनचा वास मात्र टळणार नाही. संध्याकाळी होड्या परतल्या की मोठ्या भांड्यांत मासा उकडतो आणि करवंट्या-सोडणांचा धूर गल्लीभर पसरतो. पहिले आठ दिवस मीही खिडक्या लावून बसत असे. नंतर आमच्या घरातही डब्यात मासमीन असे.

पाण्याचे म्हणाल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली तेथे समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसवले आहे. खोल समुद्रातले थंड पाणी वर ओढायचे, वरचे कोमट पाणी निर्वातात वाफ करायचे आणि ती वाफ त्या थंड पाण्याने पुन्हा पाणी करायची, असे ते चालते. तुम्ही यंत्राचे जाणकार आहात, पाहायला नक्की जा. क्षमता दिवसाला एक लाख लिटर, पण ते गावाच्या पिण्याचे पाणी आहे. बर्फासाठी त्यातले मिळेल असे धरून चालू नका; पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि विहिरी यांचा हिशेब आधी ठेकेदाराकडून लेखी घ्या.

भाषा मात्र गंमतीची आहे. बाकीच्या बेटांवर मलयाळमचा एक प्रकार बोलतात, मिनिकॉयला माहल. ती मालदीवची भाषा, उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि ऐकताना काहीच कळत नाही असे वाटत असतानाच एखादा शब्द अंगणातला निघतो. मासा म्हणजे ‘मास’. मीठ म्हणजे ‘लोनु’. आपल्या लोणच्यातले लोण ते हेच. बेटावरचे बरेच पुरुष व्यापारी जहाजांवर नोकरी करून आलेले असल्यामुळे हिंदीने तुमचे काम अडणार नाही.

बेटावर गावांची स्वतःची व्यवस्था आहे. प्रत्येक गावाचा पुरुष प्रमुख बोडुकाका आणि स्त्री प्रमुख बोडुथाथा. मजूर, जागा, हातगाडी, काहीही हवे असेल, तर ज्या गावात कारखाना येतो, त्या बोडुकाकांना पहिल्या दिवशी जाऊन भेटा. दारू बेटावर चालत नाही, आणि शुक्रवारी दुपारी कोणाला कामावर बोलावू नका. परतताना किनाऱ्यावरचे प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. तो वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे.

मूळ धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन चारित्र्य दाखल्याचा अर्ज दिला, आणि परवान्याच्या अर्जात तिन्ही बेटांची नावे घालून घेतली. ठेकेदाराने फक्त मिनिकॉय लिहिले होते, हे त्यामुळे वेळीच लक्षात आले. ताई, सहायकाला तुमचा मजकूर वाचून दाखवला. खिडक्या लावून बसण्याचे वाक्य ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की कुळीथ तो स्वतःच्या गावाहून आणील. म्हणजे येतो आहे.

पाण्याचा हिशेब लेखी मागितल्यावर मात्र नवी गोष्ट कळली. कारखान्याजवळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते आणि मागच्या माणसाने तेच लाद्यांत भरले होते. मचूळ पाण्याची लादी पांढुरकी होते, ठिसूळ निघते आणि होडीत लवकर विरघळते. होडीवाल्यांनी बर्फ घेणे का थांबवले, हे आता समजते. कॉम्प्रेसर बंद पडल्याचे कारण पुढे केले गेले होते, परंतु गिऱ्हाईक त्याआधीच तुटले असावे. म्हणून पावसाच्या पाण्याची टाकी आणि गाळणी यांचा खर्च मी कामात वाढवून मागितला आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत निघणार नाही, असेही कळवले आहे.

सिलिंडर आणि तांब्याच्या पट्ट्यांची कॉइल पुढच्या सोमवारी ट्रकने बेपूरला जातील. माल नौकेवर चढताना मी स्वतः हजर राहणार आहे. बेपूरच्या गोदीजवळ दोन-तीन रात्री स्वस्तात राहता येईल अशी जागा, आणि शक्य झाल्यास माळकऱ्याला चालेल अशी खानावळ कोणास माहीत असल्यास कृपया रविवारपर्यंत कळवावे.