‘द्रष्टा’ की ‘दृष्टा’? आणि ‘मुत्सद्दी’ला काय झालं?

अमळनेरहून, प्रश्न

मंडळी, मी शाळेत मराठी शिकवते. परवा पारोळा रस्त्यावर वाढदिवसाचा भला मोठा फलक होता, ‘खान्देशचे दृष्टे नेते’. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलाच्या निबंधात तोच शब्द आला. मी ‘द्रष्टे’ केलं, तर म्हणाला, “मॅडम, दृष्टी, दृश्य, दृष्टिकोन, सगळे ‘दृ’चे. मग हा एकटाच ‘द्र’चा कसा?” प्रश्न रास्त आहे. त्याला जोडून माझाही एक. ‘मुत्सद्दी’ हा शब्द मी कौतुकानं वापरला की वर्गात खसखस पिकते. मुलांच्या कानाला तो ‘बेरकी’सारखा लागतो. असं का व्हावं?

धुळ्याहून, उत्तर

ताई, त्या मुलाला शाबासकी द्या. धातू एकच, ‘दृश्’. पण करणारा दाखवणारा ‘तृ’ प्रत्यय लागला की ‘ऋ’चा ‘र’ होतो आणि ‘द्रष्टा’ तयार होतो. ‘सृज्’चंही तसंच: जे निर्माण झालं ते सृष्ट, निर्माण करणारा स्रष्टा. या दोन धातूंसाठी पाणिनीनं वेगळं सूत्रच दिलं आहे. कर्ता, वक्ता, श्रोता आणि खुद्द ‘नेता’ हे शब्दही याच प्रत्ययाचे. म्हणून द्रष्टा म्हणजे पाहणारा. आणि ‘दृष्ट’ म्हणजे पाहिलेला, दिसलेला.

हा फरक वर्गात जरूर सांगा, कारण तो नुसत्या शुद्धलेखनाचा नाही. फलकावरच्या माणसाला आपण पाहतो. तो काय पाहतो, हे फलक सांगत नाही. पूर्वी ‘द्रष्टा’ हा शब्द फार जपून वापरत. ज्यांना मंत्र दिसले ते ऋषी मंत्रद्रष्टे. पुढे आपण तो अशा माणसाला लावू लागलो, ज्याला अजून न आलेला काळ दिसतो. माझी आजी अहिराणीत म्हणायची, “त्याले दूरनं दिखस.” एवढं म्हटलं की त्या माणसाचं मोठेपण वेगळं सांगावं लागत नसे.

असा माणूस म्हटलं की मला खान्देशातले काँग्रेसचे कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी आठवतात. काँग्रेसची अधिवेशनं शहरांत भरत. खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून तिथली सजावट उभी केली. त्याच अधिवेशनात शेतसारा, शेतमजुराची मजुरी यांबद्दलचा कार्यक्रम मंजूर झाला. धनाजी नाना त्या अधिवेशनाच्या उभारणीत पुढे होते. स्वराज्य अकरा वर्षं दूर होतं.

त्याही मागे जायचं तर पांझरा नदीकाठची पाणीवाटपाची फड पद्धत घ्या. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे, त्यांवरून निघालेले पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक आणि पाणी द्यायला पाटकरी. एकाच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे पाणी कमी पडलं तर तोटा सगळ्यांत वाटला जायचा. पुढच्या दुष्काळाचा विचार त्यांनी बांधकामातच करून ठेवला होता. त्या लोकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. बंधारे ठाऊक आहेत.

‘मुत्सद्दी’बद्दल शहाद्याचे भाऊ सांगतील.

शहाद्याहून

सांगतो, धुळ्याचे नाना. मूळ अरबी ‘मुतसद्दी’, म्हणजे काम अंगावर घेणारा. मोगलांच्या दफ्तरात कारकून तो मुतसद्दी आणि सुरत बंदराचा मोठा अंमलदारही मुतसद्दी. हिंदीत तो मुनशीपाशीच थांबला. गुजरातीत मात्र आजही मानाचा आहे. मराठीत पेशवाईच्या काळात तो चढला, लढणारा एकीकडे आणि मसलत करणारा मुत्सद्दी दुसरीकडे. नाना फडणवीसांचं आडनावच दफ्तरी हुद्द्याचं, बघा. आता वर्तमानपत्रात परराष्ट्र खात्याचा अधिकारी मुत्सद्दी असतो आणि गावात एका रात्रीत गट फिरवणारा. दोन्हींच्या मधला अर्थ, राज्याचं हित दूरवर पाहून ठरवणारा, तो गळाला.

चोपड्याहून

सगळ्यांना नमस्कार. थोडं टोचेल, पण लिहिते. फडाच्या पाण्यावर हक्क जमीनवाल्याचा होता, बाकीच्यांचा नाही. जुनं सगळं सोनं नव्हतं. आणि शब्द घसरला तो एकट्या पुढाऱ्यांमुळे नाही. आपण पुढाऱ्याला मोजतो कशानं? लग्नाला आला का, दारावर बसायला आला का, पोराच्या बदलीसाठी फोन केला का. ‘सुखदुःखात धावून येणारा’ ही आपल्याकडची सर्वांत मोठी पदवी. लग्नसराईत एका दिवसात पंधरा मांडव फिरणाऱ्या माणसानं तापीच्या खोऱ्याचा वीस वर्षांचा आराखडा वाचायचा कधी? तापीवरच्या पाडळशाच्या रखडलेल्या धरणाचं किती वर्षं ऐकतोय आपण. दरवर्षी त्याबद्दल विचारलं का कोणी?

धुळ्याहून, पुन्हा

चोपड्याच्या ताईंचं मान्य. मला ते आधीच सुचायला हवं होतं.

एक शब्द राहिला, ‘भावी’. माझ्या लहानपणी तो बहुधा ‘पिढी’लाच जोडून यायचा. धरण, शाळा, झाडं, सगळं भावी पिढीसाठी. आज धुळ्याच्या चौकात उभं राहा आणि वाचा: भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. शब्द तोच, पण त्याच्यापुढची पिढी गेली आणि तिथे एक खुर्ची येऊन बसली. पुढारी कसे बदलले हे मला कुठल्याही भाषणापेक्षा या एका विशेषणात जास्त दिसतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

नवा शब्द हवाच असेल तर माझी पसंती ‘धुरीण’ला. धुर म्हणजे जू, ते मानेवर घेणारा तो धुरीण. शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागणार नाही.

अमळनेरहून

आभारी आहे. आज वर्गात फळ्यावर ‘द्रष्टा’ आणि ‘दृष्ट’ शेजारी लिहिले. त्या मुलानं निबंधातली ओळ स्वतःच बदलली. ‘दृष्टे नेते’ खोडून आधी ‘द्रष्टे नेते’ लिहिलं, मग थोडा वेळ थांबून ‘द्रष्टे’ही खोडलं आणि नुसतं ‘नेते’ ठेवलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, “ते काय पाहतात, मला कुठे माहीत आहे.”